प्रकट होणे कुणाला परवडते?

ख्रिस्ती पंचांगात ६ जानेवारीला एक सण येतो. त्याचे नाव एपिफनी. शब्द मूळचा ग्रीक. प्रकट होणे, दृष्टीस पडणे असा त्याचा अर्थ. मराठीत त्याला 'प्रकटीकरणाचा सण' म्हणतात, पण बायबलातील शेवटच्या पुस्तकाचे नावही 'प्रकटीकरण' असल्यामुळे ऐकणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो. रोमन कॅथलिक मंडळी त्यापेक्षा 'तीन राजांचा सण' असे सुटसुटीत नाव वापरतात आणि भारतात तो २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी साजरा करतात. पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये या दिवशी येशूच्या बाप्तिस्म्याची आठवण करतात. आर्मेनियन चर्च तर येशूचा जन्मदिवसच ६ जानेवारीला पाळते.

नाताळ सगळ्यांना ठाऊक असतो. हा दुसरा सण मात्र माझ्या हिंगोली जिल्ह्यात खुद्द ख्रिस्ती घरांतूनही फारसा ठाऊक नाही. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसांचे प्रमाण शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी आहे. उत्तरेला वाशीमला नाझरीन मिशनचे १९३८ साली सुरू झालेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आहे. आमच्याकडच्या कित्येक खेड्यांना ख्रिस्ती धर्म म्हणजे ते हॉस्पिटल एवढीच ओळख. मी मातंग समाजातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो आणि आयुष्यभर मास्तरकी केली. या सणाबद्दल मला जे कळले ते चर्चमध्ये थोडे आणि गावाच्या वेशीवर जास्त कळले. म्हणून तो समजावून सांगताना मी वेशीवरच उभा राहून बोलणार आहे.

या अंकाचे बहुसंख्य वाचक बौद्ध आहेत. ईश्वराचे प्रकट होणे, अवतार, साक्षात्कार या कल्पना बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला लावल्या; त्या परत गळी उतरवण्याचा माझा हेतू नाही. श्रद्धा बाजूला ठेवूनही ही कथा वाचता येते. कोण कुणाला दिसतो, कुणाला दिसू दिले जात नाही आणि दिसल्यावर काय होते, एवढेच तिच्यात पाहायचे.

ग्रीक जगात हा शब्द राजांच्या तोंडी असे. राजा मिरवणुकीने नगरात आला, लोकांना त्याचे दर्शन झाले, की ती एपिफनी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सीरियाचा राजा चौथा अँटिओकस याने 'एपिफनेस', म्हणजे प्रकट झालेला देव, अशी पदवीच घेतली होती, आणि यरुशलेमच्या मंदिराची विटंबना केली ती त्यानेच. अशा उन्मत्त शब्दाला चर्चने उचलले आणि एका परक्या गावात जन्मलेल्या सुताराच्या पोराला लावले. शब्द पळवून नेण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. 'दलित' हा शब्द आपण तसाच उचलला.

कथा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वेकडून मागी लोक यरुशलेमला येतात. हे मागी बहुधा इराणकडचे, ताऱ्यांचा अभ्यास करणारे. ते तिघे होते असे मत्तय सांगत नाही, राजे होते असेही सांगत नाही. देणग्या तीन म्हणून माणसे तीन, असा हिशेब पुढे लोकांनी केला, नावेही मागाहून दिली आणि त्यातला एक काळ्या वर्णाचा तर युरोपातल्या चित्रकारांनी मध्ययुगाच्या अखेरीस रंगवला. ते लोक विचारतात, यहुद्यांचा जो राजा जन्मला आहे तो कुठे आहे? हेरोद राजा घाबरतो आणि त्याच्याबरोबर सारे शहर घाबरते. मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावले जाते. ते पोथी पाहून चटकन सांगतात : बेथलेहेम. मागी तिकडे जातात, बालकाला पाहतात, सोने, ऊद आणि गंधरस देतात आणि हेरोदाला न भेटता दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परततात.

मराठी बायबलात या पंडितांना 'शास्त्री' असाच शब्द आहे. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात काय होते कोण जाणे, पण महाराष्ट्रात हा शब्द एकटा येत नाही. तो सोवळे नेसून येतो. आता या शास्त्र्यांचे वागणे पाहा. त्यांना पत्ता ठाऊक होता. यरुशलेमपासून बेथलेहेम अवघे आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे आमच्याकडे बाजाराला माणसे चालत जात तेवढे अंतर. तरी एकही शास्त्री उठून गेला नाही. पोथी ज्यांच्या मालकीची ते जागेवर बसून राहिले, आणि जे परधर्माचे, परदेशचे, पोथीत ज्यांच्या विद्येला निषिद्ध मानले ते शेकडो कोस तुडवून आले. ज्ञान असणे आणि चालणे यांतले हे अंतर मत्तयाने एका वाक्याचीही टीका न करता दाखवून दिले आहे.

येथे मला मुक्ताबाईची आठवण होते. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची ही मांगाची मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या पत्रात दोन भागांत छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हांला ते पाहण्याचीही मनाई, तर आमचा धर्म कोणता ते तरी सांगा, असा तिचा सवाल होता. तो शास्त्र्यांना विचारलेला सवाल होता आणि त्यांना उत्तर माहीत असूनही ते जागचे हलले नाहीत. तो छापला कुणी, तर परदेशातून आलेल्या परधर्मीयांच्या पत्राने. मिशनऱ्यांचे सगळे हेतू निर्मळ होते असे मी म्हणत नाही. पण जिथे ती मुलगी पहिल्यांदा प्रकट झाली ती जागा तीच, हे नाकारण्याचे कारण नाही.

चर्चच्या शिकवणीत या सणाचा मुख्य अर्थ असा सांगतात : तोपर्यंत देव एका निवडलेल्या लोकांचा मानला जाई, त्या दिवशी तो बाहेरच्यांना प्रकट झाला. हे 'बाहेरचे' म्हणजे काय ते समजायला यरुशलेमचे मंदिर डोळ्यांपुढे आणले पाहिजे. मंदिराच्या बाहेरच्या अंगणात कुणीही येऊ शके. त्यापुढे एक दगडी कठडा होता आणि त्यावर ग्रीक भाषेत लेख कोरले होते : परक्याने येथून आत येऊ नये, आल्यास मरणाला तो स्वतः जबाबदार. ही दंतकथा नाही. असा एक अखंड दगड शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला १८७१ साली यरुशलेममध्ये सापडला. तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौलाने एका परक्याला या कठड्याच्या आत नेले असा नुसता संशय आला, तर जमावाने त्याला जीव जाईपर्यंत मारायला घेतले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे. हाच पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली आणि परकेही आता बरोबरीचे वारस झाले. ६ जानेवारीला चर्चमध्ये मत्तयाबरोबर हेच पत्र वाचतात. तेव्हा या सणाच्या पोटात एक भिंत आहे, आणि ती पाडल्याचा दावा आहे.

भिंतीची गोष्ट हिंगोलीच्या माणसाला सांगावी लागत नाही. आमच्या औंढा नागनाथला जा. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना तिथून उठवले, ते मागे गेले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा पोरासोरांना पाठ आहे. नर्सी हे त्यांचे परंपरेने मानलेले जन्मगाव याच जिल्ह्यातले. कथा सुंदर आहे आणि तिचा अर्थही तोच : हाकललेल्याकडे देव तोंड करतो. पण मास्तर म्हणून मी मुलांना पुढचा प्रश्न नेहमी विचारत आलो. देऊळ फिरले; मग दार उघडले का? हाकलणारे कुठे गेले? नामदेव शिंपी होते, त्यांच्यासाठी देऊळ फिरले तरी. चोखोबांची समाधी आजही पंढरीच्या महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या लेकरांना आत जायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. चमत्काराच्या कथेत ही एक सोय असते. देव आपली दिशा बदलतो, माणसांना आपली जागा बदलावी लागत नाही.

ख्रिस्ती चर्चने भारतात नेमकी हीच सोय करून घेतली. आडभिंत पडल्याचे वाचन दरवर्षी झाले आणि भिंती बांधणेही चालू राहिले. १६२३ साली पोप पंधराव्या ग्रेगरीने रॉबर्ट द नोबिलीच्या मदुरा मिशनसाठी ब्राह्मण ख्रिस्त्यांना जानवे-शेंडी ठेवण्याची मुभा दिली. तमिळनाडूतील वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि नाडार यांनी एकमेकांना पाहू नये म्हणून मधोमध भिंत होती; ती १९१० मध्ये पाडली गेली. गोव्यात चांदोर आणि कासावलीला तीन राजांचा सण मोठ्या थाटाने होतो, तीन मुले मुकुट घालून घोड्यावरून येतात, राजा देण्याचा मान गावागावांत वाटून दिलेला असतो. आणि त्याच गोव्यात चर्चच्या कित्येक कोन्फ्रारिया, म्हणजे बंधुसंघ, जातीनुसार वेगळे होते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. १८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडलाच पाहिजे असे पत्र काढले, तेव्हा दक्षिणेतल्या शेकडो उच्चवर्णीय ख्रिस्त्यांनी चर्च सोडले. पत्र कोरडे नव्हते हे त्यावरून कळते.

आमच्या मराठवाड्याचा इतिहास याहून वेगळा आणि, माझ्या मते, जास्त विचार करण्यासारखा आहे. मुंबईत १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने बापाच्या ताब्यात दिले आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. सनातन्यांनी त्याबद्दल त्यांना कमी छळले नाही. (जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले तेही ६ जानेवारीला, १८३२ साली.) पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखात जालन्याला आले. त्यांच्या मागे आले ते मुख्यतः मांग, काही महार. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे नवे गाव वसवले. विहीर आपली, शाळा आपली, वेस आपली. गावकीची कामे नाहीत, जोहार नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले त्यांचे गाव झाले, ही लहान गोष्ट नव्हती.

पण ते वेगळे गाव होते, हे विसरता येत नाही. जुन्या गावाची भिंत जिथल्या तिथे राहिली. आणि बेथेलसारखे गाव सगळ्यांच्या नशिबी आले नाही. बाकीचे ख्रिस्ती आपापल्या मांगवाड्यात, महारवाड्यातच राहिले. उपासना बदलली, पत्ता बदलला नाही. त्यातही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात रोटी होती पण बेटी नव्हती, आणि कित्येक ठिकाणी रोटीही कष्टाने आली. नगरकडच्या जुन्या मिशनऱ्यांना एका ताटाच्या प्रभुभोजनावरून हे दुखणे सारखे भेडसावत असे. १९५६ नंतर महार बहुसंख्येने बौद्ध झाले, मातंग बहुतेक हिंदूच राहिले, थोडे ख्रिस्ती. तीन वाड्यांत तीन देव, आणि गावाच्या लेखी तिघेही तेच.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती समाजाला हेच तोंडावर सुनावले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचे आपल्याला आकर्षण वाटते हे त्यांनी मोकळेपणी सांगितले, पण दक्षिणेतल्या चर्चमधील जातिभेदावर आणि ख्रिस्ती समाजाच्या राजकीय उदासीनतेवर त्यांनी बोट ठेवले. धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे लेखनही आज उपलब्ध आहे. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण अस्पृश्य ख्रिस्त्यावरचा अन्याय हा आपला लढा मानला नाही, हा त्यांचा आरोप. मी तो मान्य करतो. आमच्या लोकांना स्वर्गातल्या नागरिकत्वाची इतकी खात्री दिली गेली की ग्रामपंचायतीच्या पाणवठ्यावर आपले काय चालले आहे हे विचारायचे त्यांना सुचलेच नाही.

सवर्ण ख्रिस्ती लेखकांना मागी फार आवडतात, आणि त्याचे कारण उघड आहे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आपले ज्ञान घेऊन ख्रिस्ताकडे येतात, या चित्रात त्यांना आपला चेहरा दिसतो. उपनिषदे हे सोने, भक्ती हा ऊद. नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. टिळकांबद्दल मला आदर आहे. १९१७ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्वांसाठी 'देवाचा दरबार' काढला, तो या सणाचा खरा अर्थ ओळखूनच. लक्ष्मीबाईंची शिवाशीव कशी गळून पडली ते तर 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण ज्याच्या घरात पोथी नव्हती, ज्याच्याकडे द्यायला सोने नव्हते, तो या चित्रात कुठे उभा राहणार? १९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या ईश्वरशास्त्राची मागणी केली, ती याच रिकाम्या जागेकडे पाहून. भारतीय ख्रिस्ती विचार ब्राह्मणी परंपरेशीच बोलत राहिला आणि चर्चमध्ये बसलेल्या बहुसंख्य दलितांशी बोललाच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे दलित ईश्वरशास्त्र म्हणून जे उभे राहिले त्याची ही सुरुवात.

माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढे आहे. आपण मागी नाही. आपण त्या कथेत बेथलेहेमचे आहोत. आणि बेथलेहेमला प्रकट होण्याची किंमत मोजावी लागली.

ती किंमत आज कशी मोजली जाते ते आधी सांगतो. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज कुणालाही अनुसूचित जातीचा मानायचे नाही असे ठरवले. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध. मधली ३४ वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी बौद्ध माणसाने काय सोसले, कागदावर कोणती जात लिहावी यासाठी घराघरांत कसे वाद झाले, हे या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. मद्रासच्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती चांभाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारे हाल तितकेच आहेत याचा पुरेसा पुरावा नाही, असे सांगून न्यायालयाने १९८५ मध्ये ती फेटाळली. रस्त्याच्या कडेला बसून जोडे शिवणारा माणूस, आणि पुरावा नाही! २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने तो परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा दुसरा आयोग नेमला गेला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही याच आदेशाला बांधलेले आहे. जो माणूस जातीवरून शिवी देतो तो शिवी देण्यापूर्वी धर्म विचारत नाही. कायदा मात्र संरक्षण देण्यापूर्वी विचारतो.

याचा परिणाम म्हणजे दोन नावांची माणसे. घरात बायबलातले नाव, शाळेच्या दाखल्यावर गावातले नाव. रविवारी एक माणूस, सोमवारी दुसरा. माझ्या नात्यात अशी घरे आहेत की जातीच्या दाखल्याची चौकशी येणार म्हटल्यावर भिंतीवरची ख्रिस्ताची तसबीर पेटीत गेली आणि चौकशी झाल्यावर परत खिळ्यावर आली. एका पोरीने बाप्तिस्मा लांबवला तो नोकरीची पाच वर्षे होईपर्यंत. एका म्हाताऱ्याला मूठमाती कोणत्या जागेत द्यायची यावरून मुलांत भांडण लागले, कारण ख्रिस्ती दफनभूमीत पुरले की बाप कागदावर ख्रिस्ती झाला आणि नातवाचा दाखला धोक्यात आला. निरनिराळ्या चर्चचे उपदेशक व्यासपीठावरून या लोकांना भित्रे म्हणतात, आणि निरनिराळे अधिकारी त्यांना लबाड म्हणतात. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही पुदुचेरीच्या एका प्रकरणात, मनाने ख्रिस्ती राहून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणे हे घटनेशी प्रतारणा आहे, असा निकाल दिला. कायद्याच्या चौकटीत तो बसत असेल. पण ही चौकट ज्याने घडवली त्याच्याकडे बोट कोण दाखवणार? माणसाला खोटे बोलायला लावणारी अट आधी आली, खोटे मागाहून आले.

एक वाट कायदा उघडी ठेवतो. ख्रिस्ती झालेल्या दलिताने मूळ धर्मात परत यावे, जातीने त्याला स्वीकारावे, म्हणजे त्याची जात त्याला परत मिळते. २०१५ च्या के. पी. मनू यांच्या निकालात हे स्पष्ट झाले आहे. म्हणजे आल्या वाटेने परत जा, सगळे मिळेल. मागी लोक दुसऱ्या वाटेने गेले, आणि त्यांना ते परवडले, कारण त्यांना जायला दुसरा देश होता.

आता बेथलेहेमकडे येऊ. मागी गेल्यावर योसेफ आणि मरीया बाळाला घेऊन रातोरात मिसरला पळतात. हेरोद आपण फसलो हे पाहून बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली सारी मुलगी नव्हे, मुलगे मारवतो. ज्या प्रकाशाचा एवढा उत्सव, त्याच्या पाठोपाठ कापाकापी आली. सामान्य गावात काही तरी घडले, कुणी तरी मोठे जन्मले, याची नुसती बातमी सत्तेला सोसवली नाही. हे काही दोन हजार वर्षांपूर्वीचेच नव्हे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. आमचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. नांदेडमध्ये, परभणीत, खेड्याखेड्यांत दलितांची घरे जळाली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारले. काय मागितले होते? एका पाटीवर एक नाव दिसावे एवढेच. ते नाव दिसायला १४ जानेवारी १९९४ उजाडले, आणि तेही पूर्ण नामांतर नव्हे, नामविस्तार. ज्यांची घरे जळाली त्यांत मांगही होते, ख्रिस्तीही होते की नाही याची वेगळी नोंद ठेवायला कुणाला सवड नव्हती, आणि आग लावणाऱ्यांना त्याची गरज नव्हती.

या सगळ्या कथेत मत्तय कुणाला दोष देतो आणि कुणाला देत नाही, हे बारकाईने पाहावे. लपून जाणाऱ्या मागींना तो दोष देत नाही. पळणाऱ्या योसेफाला देत नाही. उलट पळून जा अशी आज्ञा स्वप्नात देवदूताकडूनच येते. ज्याचे प्रकट होणे आपण साजरे करतो त्याचे पुढचे दिवस परमुलखात लपून गेले. दोष आहे तो हेरोदाचा. म्हणून पेटीत तसबीर ठेवणाऱ्या माझ्या नातेवाईकांना भित्रे म्हणणाऱ्या उपदेशकाने हा अध्याय पुन्हा वाचावा, असे मला वाटते. आणि ज्या कार्यकर्त्यांना ख्रिस्ती दलित म्हणजे फायद्यासाठी गेलेला आणि फायद्यासाठी लपलेला वाटतो, त्यांनी १९५६ ते १९९० ही आपली वर्षे आठवावीत. तिसरा परिच्छेद हा केवळ ख्रिस्त्यांचा प्रश्न नाही. दलिताने कोणत्या देवाला मानावे हे शासन ठरवते, हा तो प्रश्न आहे. नवे लोक आले तर आपला वाटा कमी होईल ही भीती मी समजतो. तो वाटा वाढवून मागण्याचा प्रश्न आहे, आणि तो एकत्र मागता येईल.

चर्चच्या पंचांगात एक गंमत आहे, ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. बेथलेहेमच्या मुलांच्या कत्तलीचा दिवस २८ डिसेंबरला येतो आणि मागींचा दिवस ६ जानेवारीला. कथेत जे नंतर घडते ते पंचांगात आधी उरकले जाते. ६ जानेवारीचे वाचन बाराव्या ओवीला, मागी दुसऱ्या वाटेने घरी गेले येथे थांबते. सगळे सुखरूप. देणग्या दिल्या, तारा दिसला, प्रसाद वाटला. आयांचा आक्रोश त्या दिवशी कुणाच्या कानी पडत नाही.

आमच्याकडे चार-पाच घरे मिळून एका घरी उपासना होते. गेली काही वर्षे आम्ही त्या दिवशी दुसरा अध्याय अठराव्या ओवीपर्यंत वाचतो. पहिल्या वर्षी एका वडीलधाऱ्या बाईंनी हरकत घेतली की सणासुदीला लहान मुलांपुढे असले कशाला वाचायचे. त्यांना उत्तर त्यांच्याच जावेने दिले. १९७८ साली ती बाई तान्ह्या मुलाला घेऊन रात्रभर ज्वारीच्या शेतात बसून होती. ती म्हणाली, वाचा, मी ऐकते.